बाबांची दाढी आणि कॉम्प्युटरची गुणगुण

ती. मामा यांस,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून लिहिते आहे, तेव्हा साष्टांग हा शब्द भावनेपुरता घ्यावा.) इकडे सगळे ठीक. बाबांचा गुडघा हवेप्रमाणे बदलतो, आईचा घसा उत्तम आहे, माझं काम नेहमीसारखं चालू आहे. तुमची तब्येत कशी आहे ते मामींनी कळवावं. तुम्ही कळवलेली तब्येत नेहमी 'एकदम फर्स्ट क्लास' असते आणि तिचा काही उपयोग होत नाही. मी दिलेलं श्रवणयंत्र तुम्ही वापरत नाही, हेही मामींकडूनच समजलं. ते चष्म्याच्या जुन्या घरात आहे आणि ते घर कपाटाच्या वरच्या खणात आहे, इतपत माहिती माझ्याकडे आहे. आमच्या श्रवणयंत्रांच्या कारखान्यात मी दिवसभर हेच करते: एकेक यंत्र पेटीत बंद करायचं, त्याच्या पोटात त्याचा स्वतःचा असा किती आवाज आहे ते मोजायचं आणि मर्यादेबाहेर असेल तर परत पाठवायचं. तुमचं यंत्र मी स्वतः निवडलं होतं. तक्रार नाही. फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही म्हणून हे पत्र, एवढं कारण फक्त नोंदवून ठेवते.

पत्राचं निमित्त आईचं नवं काम. बसस्थानकावर घोषणा करून ती निवृत्त झाली, पण घोषणा निवृत्त झाल्या नाहीत. अजूनही 'जेवण टेबलावर लागत आहे' हे ती अशा सुरात सांगते की बाबा सामान उचलल्यासारखे उठतात. तर बोलकी पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशकाने तिला सहाशे पानांची एक कादंबरी वाचायला देऊ केली. अट एकच होती: घरच्या कॉम्प्युटरवर थोडं वाचून नमुना पाठवायचा. तिने पाठवला. त्यांच्याकडे आवाज तपासणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही घरात कानसेन म्हणतो. कानसेनांनी कळवलं की आवाज उत्तम, उच्चार स्वच्छ, मात्र वाचनामागे सतत एक घूं आहे, ती काढून पुन्हा पाठवावं. आईने तेच जास्त जोरात वाचून पुन्हा पाठवलं. (घूंला दाबून टाकायचा हा तिचा स्थानकावरचा अनुभव. तिथे तो इंजिनांवर चालत असे.) कानसेनांनी कळवलं की आता वाचिका रागावल्यासारख्या वाटतात आणि घूं आहे तिथेच आहे. तिसरा नमुना शेवटचा. नाहीतर पुस्तक दुसऱ्या बाईंकडे द्यावं लागेल.

या दुसऱ्या बाई म्हणजे दुपारपाळी. तुम्हाला आठवत असेल, स्थानकावर सकाळची पाळी आईची आणि दुपारची त्यांची. गाडी उशिरा येणार हे त्या इतक्या गोड आवाजात सांगायच्या की लोक आनंदाने थांबायचे. आईच्या मते ही फसवणूक होती. गाडीला उशीर आहे तर आवाजातही तो दिसायला हवा. आपलं पुस्तक दुपारपाळीकडे जाणार हे कळल्यावर आई दोन दिवस काहीही बोलली नाही, आणि आमच्या घरात यापेक्षा मोठी घोषणा होऊ शकत नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्यापुढे येऊन म्हणाली, "एवढी शिकलीस ना तू आवाजाचं? मग काढ तो."

मी काढायला बसले. आईची वाचायची जागा म्हणजे आतल्या खोलीतला कोपरा: मागे कपड्यांचं कपाट उघडं ठेवलेलं (लोंबते कपडे आवाज शोषतात, ही कल्पना माझी), दाराला गादी टेकवलेली, टेबलाखाली कॉम्प्युटर आणि शेजारी माउस धरून बाबा, कारण आई वाचताना पान सरकवायला तिसरा हात लागतो. पहिला संशय साउंड कार्डावर गेला, आणि तो योग्यच होता. आपल्या कॉम्प्युटरमध्ये ते वेगळं नाहीच, मुख्य बोर्डावरच्या एका कोपऱ्यात बसवलेलं आहे. म्हणजे बाजारात मधोमध बसून कुणी कुजबुज ऐकायचा प्रयत्न करावा तसं त्याचं चालतं. शेजारी जे काही घडेल ते त्याच्या कानावर पडतं. मी हेडफोन लावून ऐकलं तेव्हा घूंच्या वर आणखी एक बारीक किरकिर होती आणि ती बाबा माउस हलवतील तेव्हाच येत होती. बाबांना हे पटलं नाही. "मी आवाज न करता हलवतो," म्हणाले. ते खरं होतं. हलवताना आवाज होत नव्हता, फक्त रेकॉर्ड होत होता.

मी काडेपेटीएवढं एक वेगळं साउंड कार्ड आणलं, ते वायरने बाहेरून जोडायचं असतं. बोर्डाच्या गजबजाटातून कार्ड बाहेर आलं आणि किरकिर जागच्या जागी गेली. घूं मात्र राहिली. माइकची वायर बदलली, माइकच बदलला, न लागणारे सगळे इनपुट बंद केले, आवाजाची पातळी खाली आणली. (खाली आणल्यावर घूं कमी झाली आणि आईही तेवढीच कमी झाली.) घूं वीजपुरवठ्याच्याच कंपनांची होती हे मी मोजून पाहिलं. शिवाय कॉम्प्युटरच्या पत्र्यावर हात ठेवला की तिचा पोत बदले आणि हाताला मुंग्या येत. आई या मुंग्यांना 'चावतो' म्हणायची आणि वाचताना रबरी चपला घालून बसायची. तिने हे मला आधी का सांगितलं नाही, असं विचारलं तर म्हणाली, "चावतो तो मला. आवाज तर माइकमध्ये येतो. त्याचा काय संबंध?"

दरम्यान बाबांनी स्वतंत्र तपास सुरू केला. ते आयुष्यभर भूगोल शिकवत आले, तेव्हा त्यांच्या मते कारण नेहमी शेजारच्या प्रदेशातून येतं. त्यांनी पहिल्यांदा फ्रीज बंद केला. घूं गेली नाही, दूध गेलं. मग पंखे, ट्यूबलाइट, दारावरची घंटा. मग खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे जाऊन त्यांनी त्याची मशीन थोडा वेळ थांबवायची विनंती केली. शिंपी भला माणूस. त्याने थांबवली, चौकशी केली, वर येऊन हेडफोन लावून घूं ऐकली आणि 'गोडाय हो, झोप येते' असा अभिप्राय दिला. मग आई वाचत होती तेही त्याने थोडं ऐकलं आणि नायिका शेवटी घरी परत येते का, असं विचारलं. आईला हा माणूस तेव्हापासून कानसेनांपेक्षा जाणकार वाटतो.

मी ऑफिसचा लॅपटॉप आणून फक्त बॅटरीवर तोच माइक, तेच कार्ड लावून पाहिलं. घूं अजिबात नाही. (त्यावरच पुस्तक का वाचलं नाही, असं तुम्ही विचाराल. माझी चाचणी तेवढ्यापुरती झाली. पण त्या लॅपटॉपवर खासगी काम करायला मनाई आहे, आणि मी तिथे नियम मोडणारी यंत्रं परत पाठवण्याचा पगार घेते.) लॅपटॉपचा चार्जर भिंतीत लावला, घूं परत. म्हणजे दोष कॉम्प्युटरच्या मागे, भिंतीत होता.

मामा, इथे मला थांबावं लागलं. आमच्या घरात भिंतीतल्या तारांविषयी बोलायची पद्धत नाही. हे वायरिंग तुम्ही केलंत, मी जन्मायच्या आधी, आपली सुट्टी खर्च करून, एकही इलेक्ट्रिशियन दारात न येऊ देता, आणि आईने तेव्हा शिडी धरली होती. एवढा इतिहास मला पाठ आहे, कारण कुणी बटणाकडे जरा वाकड्या नजरेने पाहिलं की तो सांगितला जातो. मी फक्त 'बोर्ड उघडून बघू का' म्हणाले. आई लगेच म्हणाली, "वायरिंगला हात लावायचा नाही. दादाने केलंय ते. इतक्या वर्षांत एकदा तरी फ्यूज उडालाय का?" बाबा पेपराआडून म्हणाले, "उडेल कसा? तुझ्या भावाने त्याला जाडी तार बांधलीय, घर उडेल पण फ्यूज उडणार नाही." त्यानंतरचं संभाषण तारांविषयी नव्हतं, ते गाळते.

म्हणून मी बोर्ड सोडून बाकी सगळ्याची नोंद ठेवू लागले. आणि तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली: काही सकाळी घूं जवळजवळ नसायची आणि दुपारपर्यंत हळूहळू परत यायची. पाण्याच्या पंपाशी पडताळून पाहिलं, लिफ्टशी पाहिलं, शिंप्याशी पाहिलं. काहीच जुळेना. एका सकाळी आईच बाबांकडे बघून म्हणाली, "हे दाढी करतात ना, त्या दिवशी तो गप्प असतो बघ. त्यालाही पारोसा माणूस शेजारी चालत नाही." टोमणा बाबांना होता. निवृत्तीनंतर ते एक दिवसाआड दाढी करतात आणि मधल्या दिवशी 'आज सुट्टी' म्हणतात. मी हसले नाही. खोलीत जाऊन नोंदी काढल्या आणि दाढीच्या दिवसांवर खुणा केल्या. सगळ्या जुळल्या. एकही चुकली नाही.

मी जे शिक्षण घेतलं त्यात दाढी हा घटक नव्हता. तरी पद्धत तीच असते: एका वेळी एक गोष्ट बदलायची. बाबा साधं ब्लेड वापरतात, त्यात बॅटरी नाही, तेव्हा यंत्राचा प्रश्न नव्हता. एरवी ते बाल्कनीत उजेडाला बसून, कठड्याला आरसा टांगून दाढी करतात. मी त्यांना आत बसवून करायला लावली. घूं जशीच्या तशी. मग दाढी न करता नुसतं बाल्कनीत आरशासमोर बसवलं. घूं तशीच. (बाबांनी विचारलं की मी काही विचार करू का, की नुसता बसू. नुसते बसा म्हटलं.) मग त्यांनी सवयीने मगमधलं साबणाचं पाणी उचललं आणि, बेसिनपर्यंत गुडघा नेण्यापेक्षा जवळ म्हणून, कोपऱ्यातल्या कोरफडीच्या कुंडीत ओतलं. आत स्क्रीनवर घूंची हिरवी पट्टी माझ्या डोळ्यांसमोर खाली आली, जिन्यावरून उतरल्यासारखी. मी बाल्कनीत गेले. कोरफडीचे काटे बाजूला केले. मातीत एक हिरवी तार शिरत होती. तिचं दुसरं टोक खिडकीच्या चौकटीतून आत, मुख्य बोर्डाकडे गेलेलं होतं.

तुम्ही जाणकार आहात, तरी मामी विचारतील म्हणून सविस्तर लिहिते. घरातल्या प्रत्येक उपकरणात थोडी चुकार वीज पत्र्यावर येते. तिला वाट म्हणून हिरवी तार असते आणि ती इमारतीच्या पायाशी, जमिनीत खोल गाडायची असते. आपली तार तिसऱ्या मजल्यावर कुंडीत गाडलेली आहे. ती मातीत आहे, याबद्दल माझा वाद नाही. पण कुंडीतल्या मातीखाली कुंडी आहे. त्यात कोरफडीला पाणी लागत नाही म्हणून कुणी घालत नाही, आणि वाळक्या मातीतून वीज कुठेच जात नाही. इतकी वर्षं ती बिचारी पत्र्यावर बसून गुणगुणत होती, ऐकणारं कुणी नव्हतं इतकंच. दाढीचं पाणी पडलं की माती भिजायची, तळाच्या भोकातून पाणी लोखंडी तिवईवर ठिबकायचं, तिवई कठड्याला टेकलेली, कठडा इमारतीच्या सळयांना. आणि तासा-दोन तासांपुरती आपल्या घराला जमीन मिळायची. साबणामुळे थोडा जास्त फरक पडतो. हेही मी मोजलं आहे.

तिसरा नमुना आम्ही त्याच पद्धतीने रेकॉर्ड केला. आई कपाटापाशी, मी स्क्रीनसमोर आणि बाबा बाल्कनीत तांब्या घेऊन उभे. मी हात वर केला की ओतायचं. आईला मी खरं कारण सांगितलं नाही. नव्या साउंड कार्डाला 'बसायला' थोडा वेळ लागतो आणि बाबांना झाडांची आवड लागली आहे, या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या. तिने दोन्ही काही न विचारता मान्य केल्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण मी पट्टीकडे बघत होते. कानसेनांचं उत्तर आलं: घूं गेली, अभिनंदन, पार्श्वभूमीला कुठेतरी पाणी ठिबकतं आहे, तो नळ तेवढा दुरुस्त करून घ्यावा, पुस्तक आपलंच. त्या दिवशी जेवण टेबलावर लागत असल्याची घोषणा दोनदा झाली, आणि दुसऱ्यांदा ती बाल्कनीचं दार उघडून झाली. दुपारपाळीचं घर मागच्याच गल्लीत आहे.

तर एकंदरीत सर्व कुशल आहे. मामींना नमस्कार. यंत्राची बॅटरी बदलायला झाली असेल, न वापरताही ती उतरते. कळावे, लोभ आहे तो मोजलेला नाही.

तुमची,
मोजमाप करणारी भाची

ता. क. : वर 'सर्व कुशल' लिहिलं, त्यात कोरफड धरलेली नाही. सहाशे पानं वाचून व्हायची आहेत आणि एवढ्या पाण्याने तिची पानं आत्ताच पिवळी, मऊ पडू लागली आहेत. बाबांचे गालही फार दिवस टिकतील असं वाटत नाही. आईच्या कामासाठी म्हणून ते आता रोज दाढी करतात आणि कुणी बघत असेल तर 'कर्तव्य' म्हणतात. पाणी थांबवलं तर घूं परत येईल आणि कानसेन पुस्तक दुपारपाळीकडे पाठवतील. शिवाय गीझरही त्याच हिरव्या तारेवर आहे, आणि हा विषय मला विनोदाने लिहिता येत नाही. इलेक्ट्रिशियन आणून तार खाली जमिनीत न्यायलाच हवी. पण आई तुमच्या शब्दाशिवाय बोर्डाला हात लावू देणार नाही. म्हणून विनंती: तुम्ही आईला फोन करावा आणि सांगावं की तुमचं वायरिंग उत्तमच आहे, फक्त आताच्या कॉम्प्युटरांना वेगळी तार लागते, ती घालून घे. कुंडीचा उल्लेख नको. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे या कामाला सोयीचं आहे. तुम्ही बोलून ठेवून द्या, आईला वाद घालता येणार नाही.

ता. क. २ : तुमच्या घरचं वायरिंगही तुम्ही त्याच सुमारास केलंत असं मामी म्हणाल्या. बाल्कनीत एखादी जुनी कुंडी असेल तर तिला पाणी घालावं, आणि मग मामींना हे पत्र वाचायला द्यावं. या क्रमाने. पत्र आईच्या हाती लागू नये म्हणून पोस्टात टाकायला बाबांकडे देते आहे.

दादा, हे खालचं अक्षर माझं, तुझ्या बहिणीचं. ह्यांनी पाकीट आधी माझ्याकडे आणून दिलं. इतकी वर्षं संसार केलाय, ते दुसरं काय करणार? सगळं वाचलं. पोरगी छान लिहिते, फक्त मोजते फार. कुंडीचं मला माहीत नाही असं तिला वाटतंय. अरे, तू शिडीवरून ओरडलास 'अगं, आता माती लागेल', तेव्हा कुंडी कुणी आणून दिली? मीच ना! पुढे एका इलेक्ट्रिशियनने गीझर बसवताना ती बघितली आणि असा हसला की तेव्हापासून मी कुणाला बोर्ड उघडू दिला नाही. काट्यांमुळे कुणी हात घालणार नाही म्हणून कोरफडही मीच लावली. पाण्याने घूं जाते हे मात्र मला खरंच माहीत नव्हतं, ते पोरीने शोधलं. हुशार आहे, आपल्या दोघांवर गेली नाही.

तर तू फोन कर. ती म्हणते तस्संच बोल. मी थोडी कुरकुर करीन, 'दादाने केलंय' म्हणेन, मग हो म्हणेन. तिला कळू देऊ नकोस. कोरफडीची काळजी करू नकोस, तिची दोन पिलं काढून मी केव्हाच वेगळ्या कुंड्यांत लावली आहेत, वायरशिवाय. छान धरली आहेत. एक तुझ्यासाठी ठेवलं आहे, पण आधी स्वतःची कुंडी बघ.